केप म्हणजे मयत

टॉर्मोडला गेल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला तेव्हापासून ईशबेल नवऱ्याचा खोकला ऐकूनच त्याची तब्येत सांगू लागली होती. आज ग्लेनारिग गावचे वार्षिक खेळ होते, पाऊस होता, आणि टॉर्मोडच्या बॅगपाइप बँडला गुडघ्यापर्यंतच्या किल्टमध्ये मैदानभर वाजवत फिरायचं होतं.

तिनं त्याला आपला डोंगरात घालायचा रेनकोट देऊन पाहिला. तो किल्टच्या खाली चार बोटं उतरला.

"असा गेलो तर लोक म्हणतील, हा आत काही न घालताच आला," टॉर्मोड म्हणाला.

मग ती तान्ह्या लेकीला, उनाला, कडेवर घेऊन थेट लॅखलनकाकांकडे गेली. ते टॉर्मोडचे सख्खे काका आणि बँडचे मास्तर. बँडचे काळे लोकरी केप पेटीत होतेच. बिनबाह्यांचे, हात मोकळे ठेवून वाजवता येईल असे. पण ते निघत फक्त अंत्ययात्रेला.

"सूनबाई, केप म्हणजे मयत. पाऊस काय, रोजचाच."

"मग टॉर्मोड एकटाच घालेल."

"एकानं घातला की सगळ्यांनी. रांग म्हणजे रांग."

"तर मग तो येणारच नाही. रांगेत भोक ठेवा."

काकांनी मिशीवरचं पाणी निपटलं. "घाला म्हणावं. पण कोण गेलं म्हणून मला एकानं जरी विचारलं, तर तिथल्या तिथे उतरवायला लावीन. खेळांच्या दिवशी मयतीचं नाव नको."

बँड मैदानात आला आणि बेकरीवाल्या जेसीमावशींनी हातातला पाव खाली ठेवला.

"अगं बाई! कोण गेलं? लॅखलनला विचारते."

"काकांना नका विचारू," ईशबेल घाईनं म्हणाली. "त्यांच्या मनाला फार लागलंय. आमच्याकडचंच आहे."

"टॉर्मोड तर नव्हे ना? छातीचं दुखणं होतं त्याला."

टॉर्मोड तेवढ्यात गाल फुगवून त्यांच्या समोरून वाजवत गेला.

"नाही. त्याचे चुलत आजोबा. कॅनडातले."

"कशानं?"

"भिजले," ईशबेल म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

मावशींनी डोक्यावरची प्लास्टिकची टोपी काढली आणि शेजारणीच्या कानाला लागल्या. बघता बघता कुंपणाकडेनं सगळ्यांची डोकी उघडी पडली. ओंडका फेकायच्या स्पर्धेतले गडी ओंडका आडवा टाकून हात बांधून उभे राहिले. कुणी काही विचारलं नाही. मयतीच्या घरी विचारतं कोण? ईशबेलनं उनाचं टोपडं मात्र आणखी खाली ओढलं.

वाजवणं संपल्यावर तिनं टॉर्मोडच्या केपखाली हात घातला. सदरा कोरडा होता. खांदे कोरडे, पाठ कोरडी. तिनं पुन्हा एकदा चाचपून पाहिलं.

"अगं, लोक बघताहेत," तो म्हणाला. "आणि जेसीमावशींनी मला मिठी का मारली?"

"घरी सांगते. मोजे बदल आधी."

लॅखलनकाका आले. डोळे ओले होते.

"चाळीस वर्षं वाजवतोय. गावानं असं टोपी काढून कधी ऐकलं नव्हतं. आजचं वाजवणं काही निराळंच झालं असणार. सूनबाई, पुढच्या वर्षीही केपच."

ईशबेलनं मान डोलावली. कॅनडात टॉर्मोडचं आणखी कोण कोण आहे, हे सासूबाईंना विचारायला हवं होतं.