जिनिंगच्या जागेतली गंगा

अमृतवेल नगरच्या बगिच्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बगिचा म्हणजे बिल्डरच्या जाहिरातीतला. प्रत्यक्षात एक घसरगुंडी, एक मोडका झोका आणि बाकी गाजरगवत. त्याच्या कोपऱ्यात जमिनीतून पाणी वर येत होतं, आणि बायका ओंजळी भरभरून ते पीत होत्या. काही तर रडत होत्या. गोड हाय वं माय, गोड हाय, एवढंच जो तो म्हणत होता.

यात रडण्यासारखं काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. दुसरीकडे असं पाणी आलं तर लोक प्लंबरला फोन करतील. पण आमचं जळगाव जामोद पडतं खारपाणपट्ट्यात. कितीही खोल बोअर मारा, पाणी खारटच. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. जुन्या गावात निदान धरणाचं गोड पाणी नळानं येतं. आमची वसाहत गावाबाहेर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या जागेवर उठवलेली, अजून पालिकेच्या ताब्यात न गेलेली. म्हणजे कमान आहे, पेव्हर ब्लॉक आहेत, नळ नाहीत. आंघोळीला बोअरचं खारट, प्यायला जारचं विकत. अशा जमिनीतून गोड पाणी आलं, तर माणसाला देव आठवणारच.

आणि देव आठवला की दलाल हजर होतो. आमचा दलाल जलदानंद महाराज. परवापरवापर्यंत हा बाबा तळहातावर नारळ उभा करून शेतकऱ्यांना बोअरची जागा दाखवत फिरायचा. त्यानं दाखवलेल्या जागी निघालं ते खारटच. इथं त्यानं भगवा मांडव ठोकला. पाताळातली गुप्त गंगा म्हणे जिनिंगच्या इंजिनाखाली गुदमरली होती, ती याच्या तपानं मोकळी झाली. आता तप करायला हा बाबा त्या वेळी अकोटात कुणाच्या बोअरवर बसला होता, ते विचारायचं नाही. गंगा रोज येत नसे. चार-पाच दिवसांनी एकदा, तासभर. आधी महाराजांच्या पोटऱ्या थरथरायच्या, डोळे पांढरे व्हायचे, "आली, आई आली" असा घोगरा आवाज निघायचा, आणि खरंच जमीन ओली व्हायची.

मी धम्मशीला इंगळे, गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. पहिल्याच दिवशी मी विचारलं, की हे पाणी कुठून येतं ते खणून का पाहू नये. महाराज हसले. यांच्यात देव मानत नाहीत, असं ते लोकांकडे बघून म्हणाले, आणि लोकही हसले. 'यांच्यात' म्हणजे कुणात, ते सगळ्यांना कळलं. असलं हसणं मला नवीन नाही; मी ते सोडून दिलं.

पण शेजारच्या रुखमाबाईचं सोडून देता येईना. सोनाळ्याकडचं घर विकून ती आणि तिचा नवरा किसनराव इथं राहायला आले, ते केवळ तिच्यासाठी. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा खामगावला डायलिसिस. अशा पेशंटला पाणी मोजून. शरीराबाहेर टाकायची सोयच नाही, तर प्यालेलं जाईल कुठं? फुप्फुसात साचतं. रुखमाबाई सकाळी एक लहान तांब्या भरून ठेवायची आणि तो दिवसभर पुरवायची. उन्हाळ्यात ओला रुमाल ओठांवर धरून बसलेली मी तिला कितीदा पाहिली आहे.

महाराजांनी तिला मांडवात बोलावलं. मशीन रक्त नासवतं, ते बंद कर, म्हणाले. आईचं पाणी पोटभर पी, किडन्या आतून धुऊन निघतील. किसनरावांनी लोटांगण घातलं. बाईला सुयांपासून सुटका मिळेल, या आशेनं तो माणूस लहान पोरासारखा झाला होता. मी समजावलं, भांडले, त्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टरही ओरडले. किसनराव मला एवढंच म्हणाले, की मॅडम, तुमचं बरोबर असंन, पण आम्हाले आमचा भाव तरी ठेवू द्या. डायलिसिसची एक पाळी चुकली. मग दुसरी.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले, तर रुखमाबाईचा चेहरा सुजलेला, पाय भरलेले, दोन वाक्यांत धाप. उशाशी मोठी कळशी. तिनं पेला भरून माझ्यापुढे धरला.

"सुंगून पाहा, मॅडम."

मी हुंगलं. ब्लीचिंग पावडरचा वास. आमच्या शाळेच्या नळाला येतो, अगदी तोच. आणि एकदम लख्ख झालं: गंगा यायची त्या त्या दिवशी गावात नळ यायचे. वसाहतीत नळच नाहीत, तर नळाचा वार कोण ध्यानात ठेवतो!

"तुम्हाला माहीत होतं?"

"पह्यल्याच घोटाले समजलं. नळाचं पाणी हाय." ती हसली. "पण मॅडम, चार वर्सांनंतर पोटभर पाणी पेली मी. कोणी तरी पी म्हणलं." तिनं बाहेर बसलेल्या किसनरावांकडे पाहिलं. "याईले नका सांगू, याईचा लय जीव हाय त्याच्यात."

मी उठले आणि सरळ किसनरावांना सगळं सांगितलं, आत्ताच्या आत्ता गाडी काढा म्हणून हात जोडले. उद्या आईचा दिवस आहे, ते म्हणाले. "उद्या पाणी नाही आलं, तर तुमचं खरं. मंग मी तिले घेऊन जातो."

माझा जुना विद्यार्थी हर्षल पालिकेच्या पाणीपुरवठ्यात इंजिनीअर आहे. त्याला विचारलं. जुन्या जिनिंगला इंजिनासाठी पालिकेची थेट लोखंडी लाइन होती, तो म्हणाला. बिल्डरनं पैसे वाचवायला ती बंद न करता तशीच मातीत गाडलेली दिसते. सकाळी बाकी गावाला पाणी सोडून त्यानं तेवढा त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद ठेवला.

मांडव खच्चून भरला होता. ठरल्या वेळी पोटऱ्या थरथरल्या, डोळे पांढरे झाले, आई आली. जमीन कोरडी ती कोरडीच. महाराज पुन्हा थरथरले. मग त्यांनी शिष्याकडे पाहिलं, आणि शिष्य कानातलं फोनचं यंत्र चाचपत म्हणाला, "नळ तं आले म्हनते भाऊजी." ते माइकवरून सगळ्यांनी ऐकलं. त्याचा भाऊजी पेठेत राहायचा. घरी नळ आला की तो फोन करायचा, की इकडे पोटऱ्या थरथरायच्या. हर्षलच्या माणसांनी कोपरा खणला, गंजून फुटलेला पाइप उघडा पडला. लोक महाराजांच्या अंगावर धावले.

किसनरावांनी पाइपाकडे एकदाच पाहिलं आणि घराकडे पळाले. मीही मागे धावले. आम्ही तिला गाडीत घातलं. तिचा श्वास बुडबुड्यांसारखा वाजत होता. खामगावच्या वाटेवर, पूर्णेच्या पुलावर तो थांबला. ती माझ्याच मांडीवर गेली.

आता पाइप बंद केला आहे, महाराजांवर केस झाली आहे, बिल्डरला नोटीस गेली आहे. बैल गेला अन् झोपा केला. तेराव्याला किसनराव माझ्याजवळ येऊन बसले. विचारलं, "तिले वास आला होता, तं तिनं मले काऊन नाही सांगतलं?"

तुमचा भाव मोडवला नाही म्हणून, मी म्हणाले. खोटं बोलता आलं असतं, पण या घरात खोटं पुष्कळ झालं होतं. ते पदर नसलेल्या बाईसारखे दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले, आणि मीही रडले.

मांडवात त्या दिवशी शेकड्यांनी माणसं होती, शिकलेली, धडधाकट. पाण्याला वास सगळ्यांनाच येत होता. तहानलेल्या माणसाकडून चौकशीची अपेक्षा करू नका. त्याला पाणी गोडच लागणार. पाणी कुठून येतं हे विचारायचं काम आपलं, ज्यांच्या घशाला कोरड नाही त्यांचं. वास आला तर बोला. खणून पाहा. लोक हसले तरी पाहा.