संत्र्याचा वास

अस्मीच्या तोंडाला संत्र्याचा वास येत होता. हेमाने पुन्हा एकदा नाक जवळ नेलं. लेकीला आज संत्रं दिलेलंच नव्हतं. डब्यात वरणभात होता, आणि तो जसाच्या तसा परत आला होता.

"खेल खेल के थक गई," मघाशी कशफ म्हणाली होती. गेल्या आठवड्यातही तिने हेच सांगितलं होतं.

शारजातलं हे कॉलेज म्हणजे एका जुन्या इमारतीचे वरचे दोन मजले. खाली टायरची दुकानं आणि वर निम्म्या जगातली माणसं. हेमाच्या वर्गात फिलिपिनो बायका होत्या, सुदानी मुली होत्या, केनियाची एक सिक्युरिटी गार्ड ड्युटी संपवून युनिफॉर्मवरच येऊन बसायची. हौसेने कुणीच आलं नव्हतं. डिप्लोमा झाला की नोकरी, नोकरी असली की व्हिसा, म्हणून सगळी येत होती. नवऱ्याच्या, वासुदेवच्या हमरिया फ्री झोनमधल्या कंपनीत दर महिन्याला दोन-चार खुर्च्या रिकाम्या होत होत्या. हेमाला एका नर्सरीने शब्द दिला होता, बालसंगोपनाचा डिप्लोमा पास हो, लगेच जॉइन हो. त्याच नर्सरीत अस्मीला ठेवणं मात्र परवडणारं नव्हतं.

म्हणून कशफ. सियालकोटची, अकाउंटिंगला होती, तिचा मुलगा तहा अडीच वर्षांचा. हेमाचा वर्ग असला की कशफ लेडीज लाउंजमध्ये दोन्ही पोरं सांभाळायची. कशफचा असला की हेमा. कॉलेजात मुलं आणायला बंदी होती, पण दारावरचा खैरुद्दीन काणाडोळा करायचा. त्याची अट एकच. "आवाज नहीं आना चाहिए, बहनजी."

त्या संध्याकाळी अस्मी जेवायला उठलीच नाही.

"अगं, झोपतेय तर झोपू दे ना," वासुदेव म्हणाला. "एरवी झोपत नाही म्हणून रडत असतेस."

"हात उचलून सोडला तर तसाच पडतोय, बघ."

"उकाडा किती आहे. आणि तू ना, कॉलेजात जायला लागल्यापासून पोरीला बघतच नाहीस, नुसती तपासतेस."

हेमा पोरीच्या नाकापुढे बोट धरून बसून राहिली. औषध देऊन झोपवलेलं मूल कसं ओळखावं, हे तिला याच सेमिस्टरला शिकवलं होतं. उद्या कशफचा पेपर होता. तो झाला की तोंडावर विचारायचं, तिने ठरवलं. परवा आपला पेपर आहे, तेव्हा अस्मीला कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न तिने मनात येऊ दिला नाही.

दुसऱ्या दिवशी कशफ धावतपळत आली. डोळे तारवटलेले. "दीदी, बिस्किट-विस्किट सब बॅग में है. दुआ करना," म्हणाली आणि तहाला हेमाच्या मांडीवर टाकून गेलीसुद्धा.

तहाने भोकाड पसरलं.

परीक्षेचा हॉल लाउंजच्या भिंतीपलीकडेच होता. हेमाने मोबाइलवर कार्टून लावलं, त्याने मोबाइल भिरकावला. कडेवर घेऊन फेऱ्या घातल्या, तो कमरेतून मागे पडू लागला. त्याचं ऐकून अस्मीनेही ओठ काढले. दारावर टकटक झाली.

"बहनजी, आज बडे साहब आए हैं," खैरुद्दीन दाराच्या फटीतून कुजबुजला. "इसी फ्लोर पर हैं. पकडे गए तो आप दोनों खलास, और मैं भी."

"नीचे ले जाऊँ?"

"लिफ्ट के सामने ही तो खडे हैं!"

तो गेला. कशफला हॉलमधून बोलवावं, तर तिचा पेपर गेला. पोरांसकट पकडलं गेलं, तर दोघींचं कॉलेज गेलं. हेमाने बिस्किटासाठी कशफच्या बॅगेत हात घातला आणि बाजूच्या कप्प्यातली चिकट बाटली हाताला लागली. ॲलर्जीचं सिरप. झाकण उघडायच्या आधीच संत्र्याचा वास आला.

ती बराच वेळ बाटली हातात धरून होती. तहाचा आवाज आता चिरका झाला होता. बाहेर बुटांची चाहूल लागली.

तिने अस्मीला अंगावर पाजायला घेतलं. दुसऱ्या हाताने तहाची हनुवटी धरली. "चल, गोड गोड आहे बघ," ती मराठीतच बोलून गेली. गोड लागल्यावर त्याने स्वतःच आणखी तोंड उघडलं.

कशफ आली तेव्हा खोलीत गाढ शांतता होती. अस्मी जमिनीवर बसून कपाच्या झाकणाशी खेळत होती. तहा सोफ्यावर आडवा, तोंड उघडं.

"कैसा गया पेपर?" हेमाने विचारलं.

"अच्छा गया. सो गया ये?"

"हो... हाँ. खेल खेल के थक गया."

कशफ वाकली. तिने लेकाच्या कपाळावरचे केस मागे सारले, आणि तिचं नाक त्याच्या ओठांजवळ थबकलं. ती तशीच वाकून राहिली. मग तिने अस्मीकडे पाहिलं, टक्क जाग्या, हसणाऱ्या अस्मीकडे. हेमा ओढणी नीट करू लागली.

कशफने तहाला खांद्यावर टाकलं. त्याचा हात तिच्या पाठीवर लोंबत राहिला. दारापाशी जाऊन ती थांबली.

"कल आपका पेपर है ना?"

"हाँ."

"आ जाऊँगी." तिचा आवाज अगदी साधा होता. "अस्मी को कुछ खिला के लाना. खाली पेट ठीक नहीं रहता."

हेमाने मान डोलावली.