पाइपातला श्रीरंग

मुलुंडच्या त्या चार मजली इमारतीत कुंदावहिनींच्या मोरीपुढे माणसांची नुसती रेटारेटी चालली होती. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पाइप मोरीच्या भिंतीवरून वर जायचा. जलयोगी महाराजांनी शंख फुंकला, पाइपावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"पाणी धावतं खाली, आत्मा धावतो वर, दोघांची भेट पाइपात! बोल बाळा, आई आलीय."

पाइप थरथरला, गुडगुडला आणि त्यातून लांबलचक हुंकार निघाला, "आऽऽई..."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कुंदावहिनींनी तर पाइपाला मिठीच मारली. आदल्या वर्षी, त्र्याऐंशी साली, त्यांचा अकरा वर्षांचा श्रीरंग काविळीने गेला होता. त्याचा आत्मा शांत होऊन तो पाइपातून 'झालं' म्हणेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, असा महाराजांचा हुकूम. वहिनी नुसत्या चहावर होत्या. दोनदा भोवळ येऊन पडल्या, तरी पोर काही 'झालं' म्हणेना.

त्यांची नणंद उत्तरा दारातून हे पाहत होती. अंधेरीच्या एका कचेरीत ती कारखान्यांच्या पाइपांची गणितं करायची. हवा आणि पाणी एकाच पाइपातून निघालं की दाब किती घटेल, हे आधी सांगणं म्हणजे डोक्याला ताप. सूत्रं लावा, आलेख काढा, तरी उत्तर पाव हिश्शाने चुकायचं. आणि हे महाराज "बोल" म्हणाले की पाइप बोलतो, एकदाही चूक नाही! इथे काहीतरी पाणी मुरतंय, हे तिने ओळखलं.

दुसऱ्या दिवशी शंख वाजला तेव्हा उत्तरा खाली पंपाच्या खोलीत होती. पंप चालवणारा दत्ताराम पाना घेऊन, तळाच्या टाकीतलं पाणी पंपाकडे ओढणाऱ्या पाइपाचा नट सैल करत होता.

"काय रे, हा उद्योग कुणी सांगितला?"

"ताई, महाराज म्हणाले, पुण्य लागेल." दत्ताराम रडकुंडीला आला.

सैल नटातून थेंबही गळत नव्हता, म्हणून इतके दिवस कुणाला पत्ता लागला नाही. पंप तिथून उलट बाहेरची हवा ओढत होता. पाण्यात हवेचे गोळे शिरत, दाब मधेच घटे, मधेच वाढे आणि पाइप कण्हत असे. त्यातली 'आई' ही हाक ऐकणाऱ्यांच्या मनातली होती.

दत्तारामला तिथेच थांबवून उत्तरा वर गेली आणि सगळ्यांदेखत मोरीच्या खिडकीतून ओरडली, "आवळ!" पाइप हळूहळू गप्प झाला.

"आत्मा रुसला," महाराज पुटपुटले.

"आत्मा नाही, नट! दत्ताराम, सैल कर!" पाइप पुन्हा कण्हला, "आऽऽई..."

महाराज चपला शोधू लागले. कुणीतरी फिदीफिदी हसलं. उत्तराने सगळ्यांना नटाची गोष्ट सांगितली.

"हवाच आहे ना ती? कळलं मला," वहिनी हळूच म्हणाल्या. "तरी लगेच आवळायला सांगू नकोस गं."

उत्तराला रडू कोसळलं. वहिनी थोडा वेळ पाइपावरून हात फिरवत राहिल्या. मग स्वतःच खिडकीशी गेल्या. "दत्ताराम, आवळ रे."

पाइप निवला. वहिनी गर्दीकडे वळल्या.

"घरी जा सगळे. माझा श्रीरंग इथे नाही. असता, तर आईला उपाशी ठेवलं असतं त्याने? एवढा साधा विचार मी केला नाही, तुम्हीही केला नाहीत. पुढच्या वेळी करा, कुणाची आई मरायच्या आत."

आणि त्या तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या. उत्तराने भरवलेला दहीभात त्या रडत रडत गिळू लागल्या.