उजव्या उलांडीचा बांबू

मित्रांनो, मारिविकच्या परसात दोन माडांना आडवा बांधलेला, कपडे वाळत घालायचा जो जुना बांबू आहे ना, तो मी. आत्ता माझ्यावर तिच्या बाळाची दुपटी आणि तिच्या नवऱ्याची, रोडेलची, एक विरलेली चड्डी वाळते आहे. मधोमध मी फुटलेला आहे, तिथे काथ्याने आवळलं आहे. काम सोपं आहे, सावली बरी आहे, कुणाचा त्रास नाही. तरीही समुद्राकडून जरा जोराचा वारा आला की मी त्या काथ्यात अंग चोरून घेतो.

तुम्हाला हसू येईल, पण मी मुळातच भित्रा. बनात होतो तेव्हा वादळाच्या दिवसांत माझे भाऊ एकमेकांवर आपटून करकरायचे, वाऱ्याशी भांडायचे. मी मात्र वारा यायच्या आधीच वाकून बसायचो. अशा भित्र्याला समुद्रावर कोण नेईल? पण नशिबात असतं ते चुकत नाही.

एके दिवशी अंबो नावाचे नावाडी आमच्या बनात आले. सगळा गाव त्यांना ताताय म्हणजे बाबा म्हणायचा. बोटाच्या सांध्याने ते एकेका बांबूला ठोकायचे, कान लावायचे आणि मान हलवून पुढे जायचे. माझ्यापाशी आले आणि ठोकलं. टण्. खाली ठोकलं, वर ठोकलं. टण्, टण्.

"हा खोटं बोलणारा नाही," ते म्हणाले.

अंधाऱ्या पंधरवड्यात त्यांनी मला तोडलं, म्हणजे भुंगा लागत नाही. मग खाडीच्या पाण्यात भिजवलं, सावलीत वाळवलं, तासलं आणि त्यांच्या होडीच्या उजव्या बाजूला बांधलं. आमच्या फिलिपिन्समध्ये बेटांना तोटा नाही आणि बेटांमध्ये फिरायला ही सडपातळ होडी लागते, तिला बांका म्हणतात. एकटी सोडली तर ती पहिल्या लाटेला कलंडेल. म्हणून दोन्ही बाजूंना आडवे दांडे काढून टोकांना जाडजूड बांबू बांधतात. होडी डावीकडे झुकली तर डावा बांबू तिला तोलतो, उजवीकडे झुकली तर उजवा. तुमच्या कोकणात याला उलांडी म्हणतात. थोडक्यात काय, होडीतल्या सगळ्यांचा जीव माझ्या पोटातल्या हवेवर. हे कळलं तेव्हा माझे हातपायच गळाले असते, पण ते मला नव्हते. होडी पाण्यात सोडताना रिवाजाप्रमाणे तिच्या नाकावर कोंबड्याचं रक्त शिंपडलं, ते पाहून तर मला भोवळच आली.

पण माझा मालक माणूस चांगला होता. रोज सकाळी निघण्याआधी ताताय पाण्यात उतरायचे आणि पेरापेरावर ठोकत विचारायचे, "काय रे, बरा आहेस ना?"

मी म्हणायचो, टण्.

"शाब्बास."

बांबूला एवढंच बोलता येतं, मित्रांनो. आपणहून तर तेही नाही, कुणी ठोकलं तरच. माझ्या भित्र्या जिवाला त्या एका शाब्बासचा मोठा आधार होता.

आमच्या होडीत बसायची ती बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी पोरं. कुणी मनिलाहून आलेली, कुणी सातासमुद्रापलीकडची. मोठ्या चकचकीत बोटी त्यांना परवडायच्या नाहीत. धक्क्यावर ताताय आणि त्यांचा जावई रोडेल यांच्याशी घासाघीस करायची, पाकिटातल्या शेवया खायच्या, माडांना झोळी बांधून झोपायचं आणि सकाळी पुढच्या बेटाला. फार गोड पोरं होती. मला थोपटायची, "काय मस्त होडी आहे" म्हणायची. त्यांची एकच खोड वाईट. फोटोसाठी ती माझ्यावर ओळीने बसायची.

एकदा पाच जण बसले, आणि वर एक दणकट गडी उडी मारून बसला. माझ्या मधल्या पेराजवळ खालच्या अंगाने कट् असा आवाज झाला. हसण्याच्या गोंगाटात तो कुणाला कळला नाही. त्याच संध्याकाळी होडी काठावर ओढून रोडेलने मला निळा रंग दिला. रंग चिरेवर बसला आणि मी अगदी नवा दिसू लागलो. रंगाखालून खारं पाणी थेंब थेंब आत येऊ लागलं.

दुसऱ्या सकाळी मी तातायची वाट पाहत होतो. आले. ठोकलं. "काय रे, बरा आहेस ना?"

मी म्हणालो, भद्.

"शाब्बास," ताताय म्हणाले आणि पुढच्या पेराकडे गेले.

मित्रांनो, वादळात बनातले बांबू मुळासकट उपटलेले मी पाहिले आहेत. पण त्या शाब्बासने मी जेवढा घाबरलो तेवढा कधीच घाबरलो नव्हतो. वाटलं, चुकून झालं असेल. पण रोज सकाळी तेच. मी भद् म्हणायचो, आणि ते प्रेमाने शाब्बास म्हणायचे. रोडेल मागे इंजिन धडधडवत असायचा. तातायनी मान डोलावली की तो नांगर उचलायचा. म्हातारा हो म्हणाला म्हणजे हो.

त्या इंजिनाशेजारीच ताताय सारा जन्म बसले होते. त्याच्या धडधडीने त्यांचे कान हळूहळू खाल्ले. हे त्यांना माहीत होतं आणि ते कुणाला सांगत नव्हते. सगळे हसले की तेही हसायचे. कुणी काही विचारलं की "हो हो" म्हणायचे. एका मुलीने विचारलं, "ताताय, इथे विंचू असतात का?" तर म्हणाले, "हो हो, फार सुंदर." ती मुलगी रात्रभर झोळीतून उतरली नाही. घरी मारिविक, त्यांची लेक, चिडवायची, "ताताय, कानात बूच बसलंय का तुमच्या? हाक मारली तर ओ द्यायची नाही, ही नवीनच मिजास." सगळे हसायचे आणि ताताय सगळ्यांत जास्त.

इकडे माझं एक पेर भरलं. मग दुसरं. मी दर खेपेला थोडा जास्त बुडत होतो आणि वर बसलेली पोरं गाणी म्हणत होती.

मग तो दिवस आला. होडीवर रांधणारा रोडेलचा भाऊ गावच्या जत्रेत अडकला होता, म्हणून बाळाला शेजारणीकडे ठेवून मारिविक आली. पाहुणे पाच. चार परदेशी आणि मनिलाची त्रिना नावाची नर्स. दुपारच्या जेवणाला आम्ही एका पुळणीवर थांबलो. ओहोटीला ते बेट, भरतीला नुसता समुद्र. मारिविकने निखाऱ्यावर मासे भाजले, भात आणि मिरचीचा व्हिनेगर वाढला. जेवता जेवता वारा वाढला आणि लांबवर लाटांचे माथे पांढरे दिसू लागले.

येताना वारा उजवीकडून होता. सगळा भार डाव्या बांबूवर पडला आणि मी कसाबसा निभावलो. परतताना तोच वारा डावीकडून येणार होता, आणि सगळी होडी माझ्यावर रेलणार होती. हे मला कळत होतं आणि मी काहीही करू शकत नव्हतो. होडीतलं एकेक माणूस मी पाहत होतो, आणि शेजारणीकडे ठेवलेलं ते बाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"ताताय, निघू या. भरती लागलीय," रोडेल ओरडला.

ताताय पाण्यात उतरले. मोठ्या खेपेआधी ते पुन्हा एकदा ठोकायचे. इंजिन अजून बंद होतं. मारिविक माझ्या शेजारीच पाण्यात पातेलं घासत बसली होती. लहानपणी ती ताताय बांबू ठोकायचे त्या आवाजानेच जागी व्हायची.

डावा बांबू म्हणाला, टण्.

मी अंगात होतं नव्हतं तेवढं बळ एकवटलं. भद्.

"शाब्बास," ताताय म्हणाले.

मारिविकचा हात थांबला. "ताताय, परत ठोका बघू."

ते पाठमोरे दोरी गुंडाळत होते.

"ताताय."

ते वळले नाहीत. मारिविक त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने डाव उचलला आणि पातेल्यावर जोरात हाणला. त्रिना दचकून वळली, पुळणीवरचे पक्षी उडाले. ताताय शांतपणे दोरी गुंडाळत होते.

मारिविकचा चेहरा राखेसारखा झाला. चिडवलेलं सगळं तिला त्या क्षणी आठवलं असणार.

"काय झालं? निघायचं ना?" त्रिना म्हणाली. "उद्या सकाळी मला मनिलाची बोट गाठायचीय, परवा ड्युटी आहे."

"ताताय हो म्हणाले ना? मग चला," रोडेल म्हणाला.

"ताताय हो म्हणतात," मारिविक हळूच म्हणाली. "ते आता सगळ्यालाच हो म्हणतात."

ती वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. तिने त्यांचा हात धरून डाव्या बांबूवर ठेवला आणि ठोकलं. मग त्यांना माझ्यापाशी आणलं, त्यांचा तळवा माझ्यावर ठेवला आणि ठोकलं. डाव्या बांबूने त्यांच्या हाताला झिणझिणी दिली होती. मी दिली नाही. त्यांनी तळवा न उचलता स्वतःच पुन्हा एकदा ठोकलं.

"मी मनाला सांगायचो, बांबू म्हातारे झाले," ताताय म्हणाले, "म्हणून हळू बोलतात."

रोडेल धावत आला, खाली वाकून त्याने नखाने निळा रंग खरवडला, आणि चीर दिसल्यावर त्याचं डोकंच फिरलं. "रोज पोरं बसतात हो या होडीवर. तुमच्या शब्दावर बसतात. एकदा सांगायचंत तरी."

"सांगितलं असतं तर किनाऱ्यावर बसवलं असतंत मला," ताताय म्हणाले. रोडेलच्या ओठांकडे पाहून त्यांना शब्द कळले होते.

"भांडण घरी करा," मारिविक म्हणाली. "पाणी चुलीपर्यंत आलंय."

खरंच आलं होतं. तिथे राहणं शक्य नव्हतं आणि मी होतो तसा निघणंही शक्य नव्हतं. तातायनी आधी तेलाचे रिकामे डबे मागितले. दोनच निघाले. ते माझ्या खाली बांधून होताच त्रिना म्हणाली, "आमच्या पिशव्या चालतील? तोंड गुंडाळलं की हवासुद्धा जात नाही." त्या पोरांकडे कपडे कोरडे ठेवायच्या जाड रबरी पिशव्या होत्या. बघता बघता कपडे, पुस्तकं, शेवयांची पाकिटं होडीच्या तळाशी ओतली गेली. त्यांनी पिशव्या हवेने फुगवल्या आणि ताताय त्या माझ्या पोटाखाली एकेक करून आवळत गेले. कान गेले होते, पण गाठी तशाच पक्क्या होत्या. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा आम्ही निघालो.

ती खेप मला आजही स्वप्नात दिसते. वारा डावीकडून आला आणि होडी माझ्यावर रेलली. मी बुडालो, वर आलो, पुन्हा बुडालो. सगळे डाव्या कडेला चिकटून बसले होते. कुणी गात नव्हतं. ताताय मात्र माझ्याकडे येणाऱ्या दांड्यावर पालथे पडले होते, कमरेला दोरी बांधून, आणि त्यांचा तळवा माझ्यावर होता. चीर रुंदावली की त्यांच्या हाताला कळायचं. ते दुसरा हात वर करायचे, रोडेल इंजिन मंद करायचा. हात खाली आला की पुन्हा पुढे. इतक्या दिवसांनी ताताय माझं ऐकत होते. मला सांगायचं होतं, ताताय, भीती वाटते हो. त्यांना ते कळलं असावं, कारण लाटेचं पाणी तोंडात जात असतानाही ते म्हणत होते, "मलाही वाटतेय रे. थोडंच राहिलंय."

गावचे माड दिसू लागले तेव्हा मी मधोमध मोडलो. होडी उजवीकडे झुकली, मारिविकने डोळे मिटले. पण पिशव्यांनी आणि त्या दोन डब्यांनी मला धरून ठेवलं. वाळूला टेकल्यावर कुणी जल्लोष केला नाही. मारिविक कुणाशी न बोलता धावत शेजारणीकडे गेली. त्रिना ओल्या ढिगातून आपले कपडे शोधून एकेक पिळू लागली.

तर मित्रांनो, असा मी कपडे वाळत घालायचा बांबू झालो. माझ्या जागी नवा बांबू आहे. त्याच्यावर फोटोसाठी कुणालाही बसू देत नाहीत. बसायला कुणी आलंच तर मारिविक डाव घेऊन धावते.

माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. तुमच्या भल्यासाठी राबणाऱ्या मुक्या वस्तूला रोज विचारा, आणि तिचं उत्तर ऐकल्याशिवाय शाब्बास म्हणू नका. आणि घरातलं म्हातारं माणूस विनोद न कळता हसत असेल, तर त्याला चिडवण्याआधी जरा जवळ जाऊन बसा.

ताताय अजूनही रोज सकाळी ठोकतात. एक तळवा बांबूवर ठेवून ठोकतात, आणि बाळाला कडेवर घेऊन मारिविक काठावर कान देऊन उभी असते. ती हात वर करीपर्यंत रोडेल इंजिनाला शिवत नाही. होडी गेली की ताताय परसातून घरात येतात. येता येता दुपटी बाजूला सारून माझ्यावर तळवा ठेवतात आणि ठोकतात.

"काय रे, बरा आहेस ना?"

मी म्हणतो, भद्.

"कळलं रे," ताताय म्हणतात, आणि थोडा वेळ हात तसाच ठेवतात.