सहावा फर्मा

कुठल्याही बंद दाराच्या कडीला हात लावून बघायची मला खोड आहे. दवाखाना असो, बँक असो, कोणाचं घर असो. दार उघडायचं नसतं. कडी गार आहे की कोमट, एवढंच बघायचं असतं. एकदा एका कचेरीतल्या शिपायाने मला चोर ठरवून हटकलं होतं. त्याला काय सांगणार, की बाबा रे, पन्नाशी उलटली तरी एका अर्धवट गोष्टीने माझी मानगूट सोडलेली नाही?

आई छापखान्यात कामाला होती. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापायची, कागदाच्या घड्या घालायच्या, की झाला एक फर्मा. असे दहा-बारा फर्मे ओळीने लावून शिवले की पुस्तक. घड्या घालणं आणि फर्मे लावणं हे आईचं काम. तिला अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते. फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो, त्यावर तिचं भागायचं. छापताना बिघडलेले कागद, म्हणजे शाई फिकी, ओळी तिरक्या असे, कामगारांनी घरी नेले तर मालक काही म्हणायचे नाहीत. त्यामुळे आमच्या घरात पुस्तकं यायची ती अशी तुकड्यातुकड्यांनी. एखाद्याचा तिसरा फर्मा, एखाद्याचा नववा. खुनी सापडायचा, पण मेलं कोण ते कळायचं नाही.

मी मोठी, माझ्यापाठचा भाऊ दोन वर्षांनी धाकटा. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून त्याचं नाव ढब्बू पडलं, आणि पुढे काठीसारखा वाळला तरी ते चिकटूनच राहिलं. संध्याकाळी आई चुलीपाशी असायची आणि आम्ही पाळीपाळीने मोठ्याने वाचायचो. फर्मा संपला की ती हमखास विचारायची, "मग काय झालं?" आम्हाला तरी काय माहीत!

त्यातल्याच एका पुस्तकाचे दोन फर्मे आले. दुसरा आणि पाचवा. एक गाव होतं. गावातल्या प्रत्येक घरात एक जास्तीचं दार होतं आणि त्या दारामागे खोली नव्हती, नुसती भिंत. लोक त्या दाराला दरवर्षी रंग द्यायचे, त्याच्या खुंटीला कोट अडकवायचे, पण उघडायचं नाही कोणी. एका मुलीला मात्र त्याचा ध्यास लागला. पाचव्या फर्म्याच्या शेवटी घरात ती एकटीच असते. कोट बाजूला सारते, कडीला हात लावते. कडी कोमट असते, जणू पलीकडून कोणीतरी आत्ताच हात काढून घेतलाय. 'आणि तिने' एवढे दोन शब्द, आणि पान संपलं.

त्या दोन शब्दांनी आम्हाला वेडं केलं. आई रोज घरात पाऊल टाकायची तोच आम्ही विचारायचो, "सहावा?" ती म्हणायची, "बिघडेल तेव्हा आणेन. सहावा बिघडतच नाही मेला." छापखान्यातली धड वस्तू घरी आणायची नाही, हा तिचा कायदा. एकदा ढब्बूच्या खिशात तिथली टाचणी निघाली, तर त्याला परत पिटाळलं होतं तिने.

मग आम्ही खेळ काढला. एकाने कुठूनही गोष्ट सुरू करायची आणि 'आणि तिने' म्हणून थांबायचं. दुसऱ्याने दहा मोजायच्या आत पुरी करायची. भांडी घासताना, शाळेच्या वाटेवर, ताप आला म्हणून अंथरुणात पडून. आम्ही ते दार हजार वेळा उघडलं असेल. पलीकडे समुद्र निघाला, गणिताच्या बाई निघाल्या, एकदा तर ढब्बूचीच पाठ निघाली. त्यावर मी इतकी हसले की आईने मला पाणी आणून दिलं. सांगायला लाज कसली, पुढच्या आयुष्यात मला तितकं सुख फारसं कुठे भेटलं नाही.

मी पुस्तकबांधणीच्या धंद्यात आले. ढब्बू एकविसाव्या वर्षी लांबच्या शहरात गेला आणि लिफ्ट दुरुस्त करू लागला. म्हणजे दिवसभर ज्यांच्यामागे खोली नाही अशी दारं उघडायची! मी त्याला यावरून भरपूर चिडवलं. तो वर्षातून एकदा यायचा, कधी तेही नाही. फोन मात्र चुकायचा नाही, आणि फोनवरही आमचा खेळ चालायचा.

मग आई गेली. ती अंथरुणाला खिळली तेव्हा म्हणाली, "त्याला कळवू नको, कामं टाकून धावत येईल." आणि मी शहाणी, ऐकलं तिचं, फोनवरही त्याला कळू दिलं नाही. कळवलं तेव्हा फार उशीर झाला होता. तो तीन दिवसांनी पोचला. हातात बॅग, बूट धुळीने माखलेले, दारात उभा. घरात शेजारीपाजारी बसलेले होते. कळवायला उशीर मी केला होता आणि ते मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच की काय, मी सगळ्यांदेखत ओरडले, "आता कशाला आलास?"

त्याने बॅग खालीसुद्धा ठेवली नाही. वळला आणि गेला.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. पहिल्या वर्षी वाटलं, तो करेल फोन. दुसऱ्या वर्षी वाटलं, मी का करू? तिसऱ्यापासून भीतीच वाटायला लागली, उचललाच नाही तर? नंबर फोनमध्ये होता. मी तो उघडून बघायची आणि बंद करायची. माझ्या नाकावरच्या रागाचं लोकांना कौतुक, पण आत माझा जीव त्या पोरासाठी तुटत होता, हे कोणाला दिसणार?

गेल्या सोमवारी वाचनालयाच्या बाई जुनी पुस्तकं घेऊन आल्या. बारा पुस्तकं, सगळ्यांची शिवण सुटलेली. शुक्रवारपर्यंत हवीत म्हणाल्या. त्यांना नेहमी शुक्रवारपर्यंतच हवी असतात. मी पहिलं पुस्तक घेतलं, पुठ्ठा सोडवला, जुनी खळ ओली करून खरवडली, दोरे कापले आणि फर्मे सुटे केले. दुसऱ्या फर्म्याचं पहिलं पान समोर आलं आणि माझा हात थांबला. दार. कोट. दरवर्षी दिला जाणारा रंग.

इतकी वर्षं मला त्या पुस्तकाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. आता पाहिलं तर नाव इतकं साधं होतं की कोणी कपाटातून काढणार नाही. हातावरचा ओलेपणा पुसून मी उठले, पाणी प्यायले, परत बसले. सहावा फर्मा आता तीन फर्म्यांवर होता. वाचावा की नाही? वाचला तर आमचा खेळ संपला. आणि ढब्बूवाचून तो एकटीने संपवायचा? पण मी कसली धीराची! बोटं आपोआप पुढे गेली. तिसरा, चौथा, पाचवा.

मग पुन्हा पाचवा.

आणि त्यानंतर सातवा.

मी आकडे तीनदा पाहिले. पाचवा फर्मा दोनदा लागला होता आणि सहावा नव्हताच. दुसऱ्या पाचव्याच्या समासात कुठल्या तरी पोराने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हे वाचलंय आधीच!' त्याखाली दुसऱ्या हाताने, 'मलाही पुढचं पान मिळालं नाही.' चाळीस वर्षं लोक त्या दाराशी येऊन थांबत होते. सातव्यात काही कळेल म्हणून पाहिलं, तर तिथे त्या गावात दार ही गोष्टच उरली नव्हती, सगळे बाजाराबद्दल बोलत होते.

फर्मे लावताना अशी चूक होते. डुलकी लागली, हात एका गठ्ठ्यावर दोनदा गेला. कोणाची चूक ते कळावं म्हणून फर्मे लावणारीने शेवटच्या फर्म्याच्या घडीत, आतल्या बाजूला, आपली खूण करायची असते. शिवलं की ती झाकली जाते. पुस्तक उसवणाऱ्यालाच ती दिसणार. मी शेवटचा फर्मा उघडला. घडीत दोन तिरक्या रेघा आणि मध्ये टिंब.

ती आईची खूण. आमच्या वह्यांवर, पाटीच्या मागे, माझ्या डब्याच्या झाकणावर हीच असायची.

आईच्या हातून अशी चूक कधी झाली नाही. बाजूच्या बायका तिच्याकडून मोजून घ्यायच्या. हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. सहावा बिघडेना. घरी दोन पोरं रोज जीव खातायत. आणि 'मग काय झालं' हे तिलाही हवंच होतं की! तिने धड फर्म्यांतला एक सहावा उचलला आणि पुस्तकाची जाडी कमी दिसू नये म्हणून एक पाचवा जास्तीचा घातला. वर पुन्हा खूण केली. चोरी केली तीही सही करून! मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

पण मग सहावा गेला कुठे? आमच्यापर्यंत तर तो कधी पोचलाच नाही.

हे मी कोणाला विचारणार होते? जगात एकच माणूस होतं. मी खुर्ची खिडकीशी ओढली आणि नंबर लावला. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं, चार वाक्यं. घंटा थांबली, पलीकडे श्वास ऐकू आला, आणि चारही वाक्यं पळाली.

मी म्हणाले, "एक बाई होती. भारी आगाऊ. नऊ वर्षं तिने भावाला फोन केला नाही. मग एक दिवस तिने फोन लावला, आणि तिने..."

मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन. पाचला मला वाटलं, ठेवला फोन. सातला मला धाप लागली, जुना दमा माझा.

"...आणि तिने आधी दम्याचं औषध घेतलं," ढब्बू म्हणाला, "कारण तिला धाप लागलीय आणि ती औषध वेळेवर घेत नाही."

आवाज जाड झाला होता त्याचा. मग मी नाक पुसलं आणि त्याला पुस्तकाचं सगळं सांगितलं. दोन पाचवे, आईची खूण, सगळं.

"ताई," तो म्हणाला, "सहावा माझ्याकडे आहे."

"काय?"

"मी घर सोडलं ना, तेव्हा आईने दिला. खाकी कागदात गुंडाळून, चारी कडा खळीने चिकटवलेल्या. म्हणाली, हा मी चोरून आणलाय. आणला आणि भ्याले. तुझ्या ताईच्या पोटात काही राहत नाही, गावभर झालं असतं."

"माझ्या पोटात राहत नाही?"

"मग? राहतं?" तो हसला. "म्हणाली, आता छापखाना बंद झाला, आता कोण विचारतंय. पण एकट्याने उघडायचा नाही. दोघं मिळून वाचा आणि मला येऊन सांगा मग काय झालं ते."

"अरे, मग एवढ्या वर्षांत तू किती वेळा घरी आलास! आणला का नाहीस?"

"दर वेळी आणायचो. दर वेळी आपला खेळ सुरू व्हायचा आणि वाटायचं, पुढच्या वेळी. संपवायला जीवच व्हायचा नाही. शेवटचा आलो तेव्हा बॅगेतच होता. म्हटलं, ती गेली, पण निदान तिच्या खोलीत बसून वाचू."

मला त्याच्या धुळीने माखलेल्या बुटांशेजारी ती बॅग दिसली. ती खाली टेकू दिली नव्हती मी.

"चूक माझी होती," मी म्हणाले. "कळवायला मीच उशीर केला. वर तुलाच ओरडले."

"माहीत आहे मला."

"मग नऊ वर्षं गप्प का बसलास, गाढवा?"

"तू पण बसलीस की."

मग त्याने हळूच विचारलं, "आत्ता फोडू? फोनवर वाचून दाखवतो."

मला काय झालं कोण जाणे, मी ओरडलेच. "खबरदार हात लावशील तर! घेऊन ये इथे. कडा कापायची सुरी माझ्याकडे आहे."

वाचनालयाच्या बाईंना मी कळवलं, अकरा पुस्तकं घेऊन जा, बारावं मिळणार नाही. त्या रागावल्या. रागावू देत. जास्तीचा पाचवा मी काढून बाजूला ठेवला, पाचव्यापर्यंत शिवण घातली आणि सुई दोऱ्यासकट तशीच सोडली.

रविवारी सकाळी जिन्यात पावलं वाजली. एका पायावर जरा जास्त भार, ढब्बूची लहानपणापासूनची चाल. बेल वाजली नाही. मी दाराशी गेले आणि सवयीने कडीला हात लावला. गार होती. लोखंडच ते, सकाळचं गारच असणार.

"आणि तिने..." बाहेरून ढब्बू म्हणाला. "ताई, मोजतोय हं. एक. दोन."

तीन म्हणायच्या आत मी दार उघडलं.