अकरा पायऱ्या आणि सुनेची पाठ

वरची खोली आमच्या म्हाताऱ्याने मोठ्या हौसेने बांधली. खिडकीतून घोडे चरताना दिसतात म्हणे. जिना लाकडी, अकरा पायऱ्यांचा, आणि त्यावर वॉर्निशचे तीन हात. "तोंड दिसतं बघ त्यात," असं माझा नवरा तोक्तोसुन येईल त्याला सांगायचा. घरात बूट काढून लोकरी मोज्यांवर वावरायचं आणि जिना असा! मी स्वतः दोनदा आपटले. पण माझं ऐकतो कोण?

मग सून आली, आयजार्किन. माझा मुलगा मेलिस तिकडे रशियात कामाला, इकडे तिला सातवा महिना. दिवसातून चारदा सासऱ्याचा चहा वर न्यायचा. आमच्यात सून वडीलधाऱ्यांकडे पाठ करत नाही. चहा ठेवायचा, वाकायचं आणि उलट्या पावलांनी दाराबाहेर जायचं. दाराला लागूनच पहिली पायरी, म्हणजे वरच्या दोन पायऱ्याही उलट्याच उतरायच्या. ही रीत तिला मीच शिकवली. शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर आमचं जुनं बैठं घर होतं.

मंगळवारी ती घसरली. दोन पायऱ्या बसल्या बसल्या खाली आली, चहादाणी फुटली. दिवसभर पोटातलं बाळ हललं नाही. संध्याकाळी त्याने लाथ मारली तेव्हा तिच्याआधी मीच रडले.

दुसऱ्या दिवशी म्हातारा वॉर्निश खरवडायला बसला. मी आईने लग्नात दिलेला लोकरीचा नमदा, खाली अंथरायचा जाड गालिचा, आणला आणि पायऱ्यांच्या मापाने त्यावर कात्री चालवली. नुसता अंथरला असता तर नमदाच माणसाला घेऊन खाली आला असता. म्हणून म्हाताऱ्याने एकेक तुकडा कडा दुमडून खिळ्यांनी पक्का केला. भिंतीला कठडाही ठोकला. मग तीनदा चढउतार करून म्हणाला, "आता घोडासुद्धा घसरायचा नाही!"

"हातात तबक घ्या," मी म्हटलं. "आणि उलटे उतरा. ती उतरते तसे."

"मी काय सून आहे?"

"दोन पायऱ्यांपुरते व्हा की!"

माझ्यावर डोळे वटारत तो उलटा निघाला. दुसऱ्याच पायरीला पाऊल हवेत चाचपडायला लागलं. तबक सोडून त्याने कठडा धरला आणि तिथेच मटकन बसला.

"रोज अशी उतरते?"

"चारदा."

दुपारी सून चहा घेऊन वर आली. मी तिथेच होते. म्हातारा म्हणाला, "पोरी, जाताना सरळ वळून जा. पाठ दिसली तर दिसली."

ती लाजेने लाल झाली. "नाही जमायचं, बाबा," असं पुटपुटली आणि पुन्हा उलटीच निघाली. जीव गेला तरी पाठ नाही दाखवायची, अशी तिला मीच घडवली होती. मला माझाच राग आला.

तिची टाच उंबऱ्याला लागली तसा म्हातारा चहाची वाटी ठेवून उठला आणि आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिला. "घोडे कुठे गेले, बघतो जरा."

घोडे महिन्यापूर्वीच हिवाळी कुरणात गेले होते.

सून क्षणभर थांबली. मग वळली, कठडा धरला आणि समोर बघत एकेक पायरी उतरली. म्हातारा हलला नाही.

"उतरली?" त्याने विचारलं.

"उतरली."

मग तो वळला आणि गार झालेला चहा प्यायला.