जावईबापूंची खुर्ची

मिस्त्रींच्या कारखान्यात एक रीत होती. ज्याने खुर्ची बनवली, त्याने तिच्यावरच बसून दुपारचा डबा खायचा, अगदी शेवटच्या घासापर्यंत. मगच खुर्ची गिऱ्हाइकाकडे जायची.

"उभ्याने हात फिरवून काय कळतंय?" मिस्त्री म्हणायचे. "खुर्ची पारखायला देवाने वेगळा अवयव दिलाय, तो वापरावा माणसाने."

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. मागच्या बाजूला काथ्याची पोती, भिंतीला टांगलेले लाकडी सांगाडे, खाली स्प्रिंगांची टोपली आणि खिडकीपाशी शिवणयंत्र. यंत्रावर काकू असायच्या. तशा त्या कुणाच्याच सख्ख्या काकू नव्हत्या. पण सोफ्यांची कव्हरं शिवता शिवता त्या सगळ्यांच्या काकू झाल्या होत्या, आणि जे बोलायचं ते सगळं त्या मन लावून बोलत असत.

डबा खायच्या या रीतीतून एकच माणूस सुटला होता. मिस्त्रींचा जावई.

जावई पूर्वी फर्निचरच्या मोठ्या दुकानात विक्रीला होता. दिवसभर लोकांना "बसून तर बघा" म्हणायचं आणि स्वतः मात्र उभं राहायचं, अशी ती नोकरी. दुकान बंद पडलं. काही दिवस तो घरी बसला आणि मग एका सकाळी आपणहून सासऱ्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

"मामा, मला काम शिकवा. खुर्च्या विकून झाल्या, आता बनवून बघतो."

मिस्त्रींना आनंद झाला आणि त्यांची पंचाईतही झाली. नव्या माणसाला शिकवायची त्यांची पद्धत एकच होती, ती म्हणजे ओरडणं. "अरे, सुतळी ओढतोयस की गाईचं दूध काढतोयस?" हे त्यातलं सगळ्यांत मऊ वाक्य. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आज स्वतःचे कारखाने चालवत होती आणि आपल्या माणसांवर तेच वाक्य ओरडत होती. पण जावयावर ओरडायचं कोणत्या तोंडाने?

"वा जावईबापू, फार छान," मिस्त्री म्हणायचे. "फक्त इथे जरा... नाही, असू द्या. छानच आहे."

दुपार झाली की मिस्त्री गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली उंच पाठीची खुर्ची झटकून पुढे करायचे. ती त्यांनी स्वतः बांधलेली होती आणि तिच्यात बसलेला माणूस उठायला कुरकुरत असे.

"मामा, मी माझ्या खुर्चीवर बसतो ना. रीत आहे."

"छे छे, रीत आमच्यासाठी. तुम्ही बसा आरामात."

संध्याकाळी जावई घरी गेला की मिस्त्री त्याने केलेली खुर्ची उलटी करायचे, कापड सोडवायचे, सुतळ्या कापायचे आणि सगळ्या स्प्रिंगा नव्याने बांधायचे.

"सुरू झाली का दुसरी पाळी?" काकू पिशवी आवरताना विचारायच्या.

"हळू बोला."

"ते घरी पोचले असतील. इथलं काय ऐकू जातंय त्यांना?"

"हात चांगला आहे हो त्यांचा. फक्त सुरुवातीला जोर लावतात आणि शेवटाला ढिले पडतात. खुर्ची कलते."

"हे मला सांगून काय उपयोग? मी कव्हरं शिवते."

यावर मिस्त्री चारदोन खिळे तोंडात धरायचे. तोंडात खिळे असले की उत्तर द्यावं लागत नाही.

असं बरेच महिने चाललं. गिऱ्हाइकं खूश होती. जावई त्याहून खूश होता. हल्ली तो काकूंनाही शिलाईबद्दल दोन शब्द सांगू लागला होता आणि काकू त्याच्याकडे चष्म्यावरून बघू लागल्या होत्या. मग एक दिवस चहा पिता पिता त्याने सहज सांगितलं, "मामा, मागच्या रस्त्यावर एक गाळा रिकामा झालाय. म्हटलं, आता स्वतःचं सुरू करावं. साठवलेलं आहे ते सगळं घालतो. मालकाला शनिवारी कळवायचंय."

मिस्त्रींचा कप ओठांपाशीच थांबला.

"वा," ते म्हणाले. "छानच."

त्या संध्याकाळी लेक आली. बाप उलट्या खुर्चीत डोकं घालून बसलेला तिने पाहिला आणि तिला बरंचसं कळलं.

"बाबा, खरं सांगा. यांना काम येतं?"

"हात चांगला आहे."

"मी हाताचं नाही विचारलं."

मिस्त्रींनी खिळ्यांकडे हात नेला. लेकीने डबी बाजूला सरकवली.

"अजून वर्षभर तरी लागेल," मिस्त्री हळूच म्हणाले. "नीट शिकवलं तर."

"मग सांगा त्यांना. नाहीतर सगळं त्या गाळ्यात जाईल आणि खुर्च्या परत येतील."

"तूच सांग ना. बायकोचं ऐकतात."

"मी सांगितलं तर भांडण होईल. तुम्ही सांगितलंत तर शिकणं होईल."

"अगं, लग्नात पाय धुतले तेव्हापासून जपलंय त्यांना. एकदा साधं 'अरे' म्हटलेलं नाही."

"माझं पहिलं कव्हर तुम्ही रस्त्यावर भिरकावलं होतंत," काकू म्हणाल्या. "सायकलवाल्याच्या तोंडावर बसलं. त्यानंतर शिलाई वाकडी गेली नाही माझी."

मिस्त्रींनी मनावर घेतलं. शुक्रवारी सकाळी लवकर येऊन त्यांनी एका रिकाम्या खुर्चीसमोर सरावही केला. "जावईबापू, तुमच्या खुर्च्या दिसायला सुरेख असतात. फक्त त्यांवर कुणी बसू नये." हे काही बरोबर वाटेना. मग जावई आला आणि मिस्त्री त्याला म्हणाले, "या, या. चहा घेणार?"

शनिवारी दुपारी लेक स्वतः डबा घेऊन आली. मिस्त्री खुर्ची झटकायला उठले, तेवढ्यात तिने बापाचा हात धरला आणि त्यांनाच त्या खुर्चीत बसवलं.

"आज तुम्ही बसा इथे. गुडघे दुखतायत ना तुमचे?"

"माझे?"

"दुखतायत."

"कालपासून," काकूंनी पुस्ती जोडली.

जावई म्हणाला, "बसा मामा, बसा." आणि सकाळीच पुरी केलेली आपली खुर्ची ओढून तो तिच्यावर बसला.

पहिल्यांदा भाजीची वाटी उजवीकडे सरकली. त्याने ती उचलून मांडीवर मधोमध ठेवली. ती पुन्हा गेली. मग डबा निघाला. एका हाताने डबा धरून तो जेवू लागला आणि दर दोन घासांना थोडा डावीकडे सरकू लागला, जशी लहान मुलं घसरगुंडीवर उलटी चढतात तसा. मधेच तो एकदम ताठ झाला आणि थोडा वेळ तसाच राहिला. कुणी हसलं नाही. काकूंनी यंत्राचं चाक पुसायला घेतलं. त्याने डबा संपवला, शेवटच्या घासापर्यंत.

"मामा, ही खुर्ची उजवीकडे जाते."

"जराशी."

"जराशी नाही. आणि मधली एक स्प्रिंग..."

"कळलं आम्हाला," काकू म्हणाल्या.

"मग आधीच्या? गिऱ्हाइकांनी तर कधी नावं ठेवली नाहीत."

मिस्त्रींच्या तोंडात आज खिळे नव्हते. "मी बांधत होतो परत," ते म्हणाले. "संध्याकाळी."

"सगळ्या?"

"एक स्टूल तसंच दिलं. ते उत्तम होतं."

"स्टुलाला स्प्रिंग नसते," काकू म्हणाल्या.

जावयाने डब्याला झाकण लावलं, चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. लेक दारापर्यंत गेली, पण तिने हाक मारली नाही. मिस्त्री त्या आरामाच्या खुर्चीत अवघडून बसून राहिले. उठायचंही त्यांना सुचेना. आयुष्यात इतक्या माणसांवर ओरडलो, कुणी असं उठून गेलं नाही. आणि ज्याला फुलासारखं जपलं तोच दुखावला, हे त्यांना राहून राहून लागत होतं.

चहाच्या वेळेला जावई परत आला.

"गाळ्याच्या मालकाला नाही म्हणून सांगितलं," तो म्हणाला. त्याचे कान अजून लाल होते. "मामा, एक मागणं आहे. तुम्ही मला इतका मान दिलात, की शिकायला जागाच उरली नाही. घरी आलो की मान द्या, मी काही नको म्हणणार नाही. पण या दाराच्या आत मला 'अरे' म्हणा."

"मला नाही हो जमायचं."

"शिका मग. मी नाही का शिकत?"

मिस्त्रींनी घसा साफ केला. लेकीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"अरे... जावईबापू, तू जरा इकडे... या."

काकूंनी तोंडाला पदर लावला.

"पुन्हा, बाबा," लेक म्हणाली.

त्या दिवशी मिस्त्रींना काही जमलं नाही. पण खुर्ची मात्र दिवसाउजेडी उलटी झाली, दोघांच्या मधे. मधल्या स्प्रिंगा आधी बांधायच्या, मग कडेच्या. आणि पहिल्या गाठीला जो ताण, तोच शेवटच्या गाठीला. जावयाने आपल्याच सुतळ्या आपल्या हाताने कापल्या. दर दुपारी तो आपल्या खुर्चीवर कलून जेवू लागला, आणि लेकीने शहाणपणाने रस्सा द्यायचं बंद केलं.

मिस्त्रींचं शिक्षण मात्र सावकाश चाललं होतं. 'तुम्ही'वरून ते 'आपण'वर गेले, म्हणजे उलट्याच दिशेला. मग एका सकाळी जावई शेवटच्या गाठीला आला आणि सवयीने त्याचा हात सैल पडला.

"अरे, सुतळी ओढतोयस की गाईचं दूध काढतोयस?"

शिवणयंत्र थांबलं. समोरचा दुकानदार पायरीवर येऊन बघू लागला. मिस्त्रींनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

जावयाने मान वर केली नाही. त्याने गाठ सोडली, सुतळी पुन्हा ओढली आणि विचारलं, "एवढी?"

"अजून," मिस्त्री हाताच्या आडून म्हणाले. "अजून, रे."

संध्याकाळी घरी पोचताच त्याने बायकोला सांगितलं, "आज मामा ओरडले माझ्यावर."

"खरंच? मनापासून?"

"समोरचा दुकानदार बाहेर आला."

लेकीने देवापुढे दिवा लावला होता, तिथेच तिने आणखी एकदा हात जोडले. दुसऱ्या दिवशी तिने डब्यात पुन्हा रस्सा दिला. तो थोडासा सांडला, पण थोडासाच. जेवण झाल्यावर जावयाने कुणी काही म्हणायच्या आत खुर्ची उलटी केली.